तागडी आणि आसूड

कडवट टीकेसाठी मराठीला शब्दांची वाण कधीच पडली नाही. झोड उठवणे, कोरडे ओढणे, आसूड ओढणे, वाभाडे काढणे, खरडपट्टी काढणे, हजेरी घेणे हे शब्द रोजच्या वर्तमानपत्रात भेटतात. नीट पाहिले तर यातले बहुतेक शब्द मारातून आलेले आहेत. कोरडा आणि आसूड पाठीवर पडतात, वाभाडे अंगावरच्या कापडाचे निघतात, खरडायला काहीतरी धारदार लागते. ‘खरपूस समाचार घेणे’ हा एकच प्रयोग वेगळ्या घरचा आहे, कारण समाचार म्हणजे मुळात विचारपूस. या सगळ्यांच्या शेजारी ‘टीका’ हा शब्द बसतो, तो मात्र जन्माने अगदी शांत आहे. संस्कृत परंपरा तो जाणे, पोचणे अशा अर्थाच्या धातूपासून लावते: जिच्या साहाय्याने ग्रंथाच्या अर्थापर्यंत पोचता येते ती टीका. मल्लिनाथाने कालिदासावर लिहिली ती टीका, आणि १२९० साली ज्ञानदेवांनी गीतेवर सांगितली तीही टीकाच. आज त्याच शब्दाला अस्त्र जोडून ‘टीकास्त्र’ झाले आहे आणि ते ‘सोडले’ जाते. अर्थ उलगडण्यापासून दोष काढण्यापर्यंतच्या या प्रवासात शब्दाने काय गमावले? टीका कडू झाली की तिच्यातला अर्थ उलगडण्याचा भाग संपतो का? बुलढाण्यात राहणाऱ्या एका बाईने १८८२ साली छापलेल्या पुस्तकावरून या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे ते पुस्तक. मराठीत त्याच्याइतके कडू लेखन थोडे असेल. पुढची मांडणी पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष या जुन्या रीतीने केली आहे. उत्तरपक्ष माझा आहे. पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा नाही हा या रीतीचा पहिला नियम आहे आणि तो मी पाळणार आहे.

पूर्वपक्ष: तुम्ही शब्दाच्या जन्मकथेत रमला आहात, पण शब्द आज जिथे आहे तिथेच तो तपासायला हवा. दोष काढणारा माणूस संतापला की समोरच्याला समजून घेण्याची त्याची ताकद कमी होते. टीकेचा आसूड झाला तो या कारणाने. ताराबाईंच्या पुस्तकात पुरुषांना समोर उभे करून ओळीमागून ओळ जाब विचारला आहे. श्वास घ्यायलाही उसंत दिलेली नाही. आता त्याच १८८२ सालचे दुसरे पुस्तक बघा. पंडिता रमाबाईंनी पुण्यात ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केले. त्याचा सूर मृदू, सल्ला देणारा, स्त्रियांना शिकून शहाणे व्हा म्हणून सांगणारा आहे. ते पुस्तक खपले, त्याच्या विक्रीचा पैसा रमाबाईंना इंग्लंडला जाण्यासाठी उपयोगी पडला, आणि तिथून पुढे त्यांचे केवढे काम उभे राहिले! ताराबाईंच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे, आणि पुढे जवळपास शतकभर त्याचे नाव कुणाच्या तोंडी नव्हते. कडू बोलून मन मोकळे होते, पण ऐकणारा निघून जातो. सुधारणेचे काम ज्याला करायचे आहे त्याने ऐकणाऱ्याला धरून ठेवायला नको का?

उत्तरपक्ष: खपाचा मुद्दा पुढे घेऊ. आधी हे पुस्तक कशाचे उत्तर म्हणून लिहिले गेले ते पाहिले पाहिजे, कारण त्यावाचून त्याच्या कडवटपणाचे माप घेता येत नाही. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचे अर्भक मारल्याचा खटला चालला. तिला फाशी सुनावली गेली. अपिलात ती जन्मठेपेवर आली आणि पुढे सरकारने शिक्षा आणखी कमी केली. विधवेला मूल होते ते दोघांमुळे होते, शिक्षा मात्र एकटीला झाली. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ सालीच वाट करून दिली होती, पण उच्च म्हणवणाऱ्या घरांत त्या वाटेने जाणे म्हणजे घराण्याची नाचक्की. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात अशा बायकांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, म्हणजे दुखणे कुणाला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. तरीही या खटल्यावरून ‘पुणेवैभव’सारख्या पत्रात स्त्रीजातीच्या बदफैलीपणावर लिहिले गेले. एका बाईच्या गुन्ह्यावरून सगळ्या बायकांची जात ठरवली गेली, आणि तीही आसूडाने. ताराबाईंची लेखणी उठली ती त्यानंतर. संतापाने संवाद मोडतो असे तुम्ही म्हणता. इथे संवाद आधीच मोडलेला होता. एकाच बाजूला बोलायला मिळत होते.

आता त्यांनी काय केले ते पाहा. स्त्री म्हणजे काय हे सांगणारा एक जुना संस्कृत श्लोक त्यांनी समोर ठेवला. त्या श्लोकात संशय, उद्धटपणा, साहस, कपट, अविश्वास, स्वर्गाच्या वाटेतला अडथळा अशी दूषणांची रांगच रांग आहे. ताराबाईंनी त्यातले एकेक दूषण सुटे केले आणि प्रत्येकाला पुरुषांच्या वागण्याशी लावून पाहिले. संशयी कोण? कपट कुणाच्या हातून अधिक घडते? तुरुंग कुणी भरले आहेत ते जाऊन बघा, असे त्या सुचवतात. ही पद्धत कोणती? श्लोकाचे एकेक पद घ्यायचे, त्याचा अर्थ लावायचा, तो कुठे टिकतो आणि कुठे मोडतो ते दाखवायचे. मल्लिनाथाची पद्धत हीच होती. फरक एवढाच की मल्लिनाथ कवीच्या बाजूने उभा आहे आणि ताराबाई त्या श्लोकात जिची निंदा झाली तिच्या बाजूने. नाटक-कादंबऱ्यांनाही त्या सोडत नाहीत. १८६१ सालची हळब्यांची ‘मुक्तामाला’, १८६८ सालची रिसबुडांची ‘मंजुघोषा’ अशा त्या काळी गाजलेल्या पुस्तकांतल्या बायका कशा रंगवल्या आहेत आणि खऱ्या संसारात काय चालते, याचा ताळा त्या मांडतात. पुराणातल्या देवांनाही त्या हिशेबात ओढतात. नवऱ्याला देव मानायचे तर त्याने देवासारखे वागायला नको का, हा त्यांचा प्रश्न धर्माच्या चौकटीत राहून धर्म सांगणाऱ्यालाच विचारलेला आहे. मला तरी ही ‘टीका’ शब्दाच्या पहिल्या अर्थाने टीकाच दिसते. कडू आहे, पण तिचा कडूपणा विशेषणांतून आलेला नाही. पदापदाला उत्तर मिळत गेले की समोरच्याकडे उरणाऱ्या शरमेतून तो आला आहे.

पुस्तकाच्या नावाकडेही बघा. पुढच्याच वर्षी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी आपल्या ग्रंथाला ‘शेतकऱ्याचा असूड’ असे नाव दिले आणि त्यात काही गैर नव्हते. ताराबाईंनी मात्र हाती आसूड घेतला नाही. त्यांनी नाव दिले ‘तुलना’. तुला म्हणजे तागडी. एका पारड्यात बायका, दुसऱ्यात पुरुष, आणि वजनाचे माप दोघांना एकच. ज्या मापाने तुम्ही आम्हाला तोललेत त्याच मापाने तुम्हाला तोलते, हे सगळ्या पुस्तकाचे सूत्र आहे. रागाने लिहिणारा माणूस बहुधा स्वतःचे वेगळे माप घेऊन येतो. ताराबाईंनी माप बदलले नाही, आणि म्हणूनच उत्तर देणे अवघड झाले.

पूर्वपक्ष: मग चिपळूणकरांनी काय केले? १८७४ पासून ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्र्यांनी लोकहितवादी, दयानंद, फुले यांच्यावर जी झोड उठवली तीही विद्वत्तेने भरलेली होती, त्यांनीही समोरच्याची वाक्ये उचलून दाखवली होती. ते लेखन वाचून फुल्यांचे अनुयायी दुखावले, आणि तुम्हीही त्याला चांगले म्हणणार नाही. म्हणजे आपल्या माणसाने चाबूक ओढला की ती टीका आणि दुसऱ्याने ओढला की ती निंदा, असाच तुमचा न्याय आहे. कडवटपणाला एकदा परवाना दिलात की तो सगळ्यांना मिळतो.

उत्तरपक्ष: तुमचा हा आक्षेप सगळ्यात कठीण आहे आणि त्याला झटकून चालणार नाही. चिपळूणकरांची शैली मराठी गद्याला मिळालेली मोठी देणगी आहे, हे त्यांच्या विरोधकांनाही मानावे लागले. जिथे त्यांनी समोरच्याचा मुद्दा हातात घेतला, तिथे ते लेखन कितीही जहाल असले तरी टीकाच आहे आणि त्याला तेवढा मान दिलाच पाहिजे. पण फुल्यांच्या बाबतीत त्यांचा भर कशावर राहिला? भाषेच्या अशुद्धतेवर, व्याकरणावर, लिहिणाऱ्याच्या शिक्षणावर. शेतकऱ्याकडून किती वसुली होते आणि ती कुणाच्या हाती जाते, असा प्रश्न एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला तो विचारणाऱ्याच्या मराठीची चेष्टा होती. इथे माप बदलले. तुमच्या पुढ्यातल्या आरोपाचे उत्तर न देता आरोप करणाऱ्याच्या अंगावर जाणे, यालाच मी निंदा म्हणतो, मग ती सौम्य शब्दांत का असेना. तेव्हा कसोटी आपली आणि परकी अशी नाही. कसोटी दोन प्रश्नांची आहे: ज्यावर टीका करायची ते वाक्य पुढे ठेवले का, आणि दोघांना माप एकच लावले का. या कसोटीवर चिपळूणकरांची काही पाने पास होतील, काही होणार नाहीत. ताराबाईंचीही सगळी पास होतीलच असा माझा दावा नाही, त्याबद्दल पुढे बोलू.

इंग्रजीत कडव्या टीकेला ‘डायट्राइब’ म्हणतात, आणि त्या शब्दाची कहाणी आपल्या ‘टीके’ची जुळी बहीण वाटावी अशी आहे. ग्रीक भाषेत तो शब्द वेळ घालवण्यासाठी, गुरूसोबत बसून अभ्यासात वेळ खर्च करण्यासाठी होता. एपिक्टेटसची प्रवचने त्याच्या शिष्याने, एरियनने, लिहून काढली, त्या ग्रीक ग्रंथाचे नाव याच शब्दाच्या बहुवचनी रूपाचे आहे. या प्रवचनांची एक लकब असे: बोलणारा मध्येच एक आक्षेपक कल्पून त्याच्या तोंडी शंका घालतो आणि तिला उत्तर देतो. त्यातूनच पुढे झणझणीत भाषण, आणि फार नंतर नुसता तिखट हल्ला, असा अर्थ उरला. म्हणजे कडव्या टीकेच्या मुळाशी दोन भाषांत, एकमेकींचा संबंध नसताना, शिकणे आणि समजावणे हेच सापडते. दुसरा शब्द ‘फिलिपिक’. मॅसिडोनच्या फिलिपविरुद्ध डेमोस्थेनिसने केलेल्या भाषणांवरून तो आला आणि सिसरोने अँटनीविरुद्धच्या आपल्या भाषणांना तेच नाव घेतले. सिसरोला त्यापायी इसवी सनापूर्वी ४३ साली जीव गमवावा लागला. त्या भाषणांना तसले टोक आले ते राज्य हातातून जाताना दिसत होते म्हणून. निवांत वेळी मतभेद नोंदवायला कुणी ती केली नव्हती. सूर कसा असावा हे बोलणाऱ्याच्या स्वभावावर जेवढे ठरते तेवढेच काय धोक्यात आहे यावरही ठरते.

पूर्वपक्ष: धोक्यात काय होते ते मान्य. पण ताराबाईंनी केले काय? ‘पुणेवैभव’ने एका विजयालक्ष्मीवरून सगळ्या बायका ठरवल्या, ताराबाईंनी काही लंपट पुरुषांवरून सगळे पुरुष ठरवले. श्लोकाचा अन्याय उलटा करून परत केला. त्याला तागडी म्हणायचे कसे? शिवाय पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच दोघांत ‘साहसी कोण’ असा सवाल आहे. म्हणजे निकाल आधीच लागलेला.

उत्तरपक्ष: ‘साहसी’ हा शब्द आज धाडसी माणसाचे कौतुक करायला वापरतात, म्हणून तो सवाल आजच्या वाचकाला बुचकळ्यात टाकतो. धर्मशास्त्रात ‘साहस’ म्हणजे जबरदस्तीने केलेला गंभीर गुन्हा. न्यायाच्या प्रकरणांमध्ये त्याचे वेगळे सदर असे. श्लोकात स्त्रीवर साहसाचा आरोप आहे, तो शब्द ताराबाईंनी मुखपृष्ठावर आणला आणि विचारले की हा आरोप कुणाला लागू पडतो. आरोपपत्रातला शब्द घेऊन उत्तर देणे याला आधीच लावलेला निकाल म्हणता येणार नाही.

पण तुमच्या आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे. पुस्तकात अशी पाने आहेत जिथे ‘पुरुष’ म्हणजे सरसकट सगळे पुरुष होतात. सरसकट आरोपाला सरसकट आरोपाने उत्तर देताना त्याचा खोटेपणा उघडा पाडणे हा एक डाव असतो, आणि बहुतेक ठिकाणी ताराबाई तोच खेळतात. काही ठिकाणी डाव विसरला जातो आणि आरोप खराच वाटायला लागतो. तिथे ते लेखन टीकेच्या बाहेर जाते. मी ते मान्य करतो. पण त्याच्या समोर हेही ठेवले पाहिजे की त्यांनी आपल्याच जातकुळीला सोडले नाही. विधवेचे हाल ही ब्राह्मणांची एकट्यांची गोष्ट आहे असे मानून मोकळे होणे त्यांना, एका प्रतिष्ठित मराठा घरातल्या बाईला, सहज शक्य होते. त्यांनी पुनर्विवाहाच्या बंदीचा जाब आपल्या समाजातल्या मानी घरांनाही विचारला. पुरुष बूट-टोपी घालतो, दारू पितो, परक्या ताटात जेवतो, आणि बायकोपुढे मात्र धर्माचे पाठ देतो, हे त्यांनी मांडले तेव्हा तो पुरुष नव्या नोकऱ्यांत स्थिरावणारा, शिकलेला, म्हणजे त्यांच्या भोवतालचाच होता. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजात होते. त्यांनीच मुलीला शिकवले. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडातल्या या लहानशा जिल्ह्याच्या गावी, कचेरीच्या सावलीत बसून, पुण्यातल्या पत्राला कुणी उत्तर लिहावे हीच मोठी गोष्ट. पुस्तक छापले गेले तेही पुण्याच्याच श्री शिवाजी छापखान्यात. बुलढाणा जिल्हा म्हटले की सिंदखेडराजा, लोणार, शेगाव डोळ्यांपुढे येतात. ही बाईही त्या यादीत असायला हवी असे मला मनापासून वाटते.

पूर्वपक्ष: असायला हवी, पण नाही. माझ्या मूळ मुद्द्यावर या. तिच्याच बाजूच्या लोकांनाही ते पुस्तक झेपले नाही. सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी त्यावर नापसंती दाखवली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक कधी आले नाही. कडवट टीका एकदाच करता येते, तिने बोलणाऱ्याचाच गळा बसतो, याहून मोठा पुरावा काय हवा?

उत्तरपक्ष: भालेकरांची नापसंती हा पुरावा आहे खरा, पण कशाचा? ज्यांनी शेटजी-भटजींवरचे जहाल शब्द आनंदाने छापले त्यांनाच पुरुषांवरचे जहाल शब्द सोसवेनात. तिखटपणा त्यांना परका नव्हता. अडले ते या गोष्टीवर की यावेळी तागडीत ते स्वतः बसले होते. जोतीराव फुल्यांनी हे ओळखले. १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख पोटच्या मुलीसारखा करून त्यांची बाजू घेतली आणि पुस्तकाला नावे ठेवणाऱ्यांना सुनावले. फुल्यांच्या स्वतःच्या ‘असूडा’चेही काय झाले? सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधू’त आली, पुढची छपाई थांबली, आणि पूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत निघालाच नाही. तरी तो आज वाचला जातो, कारण त्याच्या मागे चळवळ उभी राहिली आणि तिने त्याला जपले. ताराबाईंच्या मागे चळवळ नव्हती. निपुत्रिक, बुलढाण्यात माहेरच्या घरी राहणारी बाई होती, आणि तिचे पुस्तक पाचशे प्रतींवर थांबले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले, रोझालिंड ओ’हॅन्लन यांनी १९९४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर आणले, आणि ते पुस्तक जसेच्या तसे बोलू लागले. सूर बदलावा लागला नाही. वाचणारे बदलले होते. सुराने जर ते बुडाले असते तर त्याच सुराने ते वर आले नसते.

आणि रमाबाईंचे उदाहरण तुम्ही अर्धेच सांगितले. ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिणाऱ्या रमाबाईंनीच पाच वर्षांनी, १८८७ साली, अमेरिकेत ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहिले. त्यात मनूच्या वचनांना त्यांनी एकेक करून जे विचारले आहे ते ताराबाईंच्या फार जवळचे आहे. मृदू सुराने जिथवर नेले तिथून पुढे जाताना त्यांनाही धार लागली. १८८९ साली त्यांनी शारदासदन काढल्यावर पुण्यातल्या पत्रांनी त्यांना काय काय ऐकवले! त्या ख्रिस्ती झाल्या होत्या हे कारण पुढे केले गेले, आणि ते काही अंशी खरेही असेल. पण मृदू बोलणाऱ्या बाईला सोडून देतात आणि कडू बोलणारीलाच मारतात, हा तुमचा हिशेब त्या पत्रांपुढे टिकत नाही. बोलणारी कोण आहे, ती कुणाला प्रश्न विचारते, यावर झोड ठरते. सुराचे कारण नंतर शोधले जाते.

ताराबाई १९१० सालापर्यंत जगल्या आणि त्यांनी दुसरे पुस्तक लिहिले नाही, याचे दुःख मलाही आहे. पण त्या मौनाचा दोष तुम्ही पुस्तकाच्या सुरावर टाकता, आणि तिथे मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही. त्या पुस्तकातल्या एकेका पदाला उत्तर देणारे पुस्तक एकाही आक्षेपकाने लिहिले नाही. टीकेला टीका मिळाली असती, श्लोकाचे एखादे दूषण पुरुषांना लागू होत नाही हे कुणी तिच्याच मापाने दाखवले असते, तर वाद पुढे सरकला असता आणि बहुधा ताराबाईंनाही पुन्हा लेखणी धरावी लागली असती. त्यांना उत्तर म्हणून मिळाली ती फक्त नापसंती.